इंजिनावरच्या प्रत्येक डागाला कारण हवं: मॉडेल इंजिनाचं वेदरिंग, अगदी सुरुवातीपासून

खोक्यातून नुकतंच काढलेलं मॉडेल इंजिन देखणं असतं, यात वाद नाही. रिव्हेट जागच्या जागी, अक्षरं सुबक, रंग सगळीकडे सारखा. पण ते रुळावर ठेवा, खाली वाकून डोळे बफरच्या (इंजिनाच्या टोकाला असलेल्या, धक्का झेलणाऱ्या दट्ट्यांच्या) उंचीवर आणा आणि नीट पाहा. चाकं प्लॅस्टिकची वाटतात, छप्पर आणि बाजू एकाच रंगात न्हालेल्या असतात आणि उजेड सगळ्या अंगावरून सारखाच घसरतो. खरं इंजिन असं दिसत नाही. सकाळी धुऊन निघालं तरी संध्याकाळी ते चाकांवर तपकिरी धूळ, छपरावर काजळी आणि टाकीच्या तोंडाखाली एखादा ओघळ घेऊनच शेडमध्ये परततं. या खुणा मॉडेलवर रंगानं आणि पावडरीनं आणायच्या, याला वेदरिंग म्हणतात.

काम अवघड नाही आणि त्याला चित्रकाराचा हातही लागत नाही. लागते ती एक सवय: कुठलाही डाग रंगवण्याआधी तो आला कुठून, हे स्वतःला विचारायची.

माझ्या पहिल्या इंजिनाच्या वेळी मी हा प्रश्न विचारला नव्हता. जुनं म्हणजे गंजलेलं, एवढंच डोक्यात होतं. नारिंगी रंग घेतला आणि बॉयलरपासून पायऱ्यांपर्यंत सगळीकडे गंज फासला. तयार झालं ते भंगारात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं इंजिन, आणि त्याच्यामागे लख्ख प्रवासी डबे जोडलेले. रोजच्या कामावरचं इंजिन फारसं गंजत नाही, ते मळतं. हा फरक कळल्यावर ते सगळं पुसून पुन्हा रंगवायला मला महिना लागला. तुमचा महिना वाचावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मळ येतो कुठून

ब्रशला हात लावण्याआधी एक संध्याकाळ फोटोंना द्या. तुमचं मॉडेल ज्या वर्गाच्या इंजिनाचं आहे, त्याच वर्गाचे, त्याच काळातले आणि जमल्यास रंगीत फोटो शोधा. एकाच इंजिनाचे चारही बाजूंचे मिळाले तर उत्तमच. दुसऱ्या कुणी मळवलेलं मॉडेल बघून काम करू नका. त्याचे अंदाज तुम्ही खरे धरून चालाल आणि त्यांवर स्वतःचे अंदाज चढवाल.

चाकं, बोगी (म्हणजे डबा नव्हे, चाकांना धरणारी फिरती चौकट) आणि मुख्य चौकटीचा खालचा भाग यांवरचा तपकिरी थर ही मुख्यतः ब्रेकची पूड असते. बिडाचे ब्रेक ब्लॉक पोलादी चाकावर घासतात, लोखंडाचा बारीक कीस उडतो, दमट हवेत तो तांबूस होतो आणि तेलकट पृष्ठभागाला चिकटून बसतो. म्हणून हा भाग गंजल्यासारखा दिसतो. पण तो रंग बाहेरून येऊन बसलेला आहे, पत्र्याला आतून लागलेला नाही. ब्रेक ब्लॉक कंपोझिशनचे, म्हणजे बिडाऐवजी मिश्र पदार्थाचे, असतील तर हीच धूळ करड्या-काळ्याकडे झुकते. त्यात खडीची आणि मातीची धूळ मिसळते. हा थर खाली दाट असतो आणि वर चढताना विरत जातो. त्याची कड कधीही पट्टीनं आखल्यासारखी नसते.

वाफेच्या इंजिनात काजळी धुराड्यातून निघते आणि बॉयलरच्या माथ्यावर, केबिनच्या छपरावर बसते. स्मोकबॉक्सचा, म्हणजे धुराड्याखालच्या त्या पुढच्या गोल भागाचा विचार वेगळा करावा लागतो. बॉयलरवर उष्णता राखण्यासाठी आच्छादन आणि त्यावर पत्रा असतो. स्मोकबॉक्सला ते आच्छादन नसतं, त्यामुळे तिथला रंग भाजून करडा, कोरडा पडतो. पाळी संपल्यावर त्याचं दार उघडून राख उपसतात, म्हणून दाराच्या खालच्या कडेला राखेची फिकी धूळ आणि थोडासा खरा गंज सापडतो. अख्ख्या इंजिनावर गंज दाखवायची इच्छा असेल, तर ती इथे पुरी करून घ्या.

पांढरे ओघळ पाण्याचे. जड पाण्यातले क्षार बॉयलरमध्ये साठतात. जिथून पाणी किंवा पाण्याचे थेंब मिसळलेली वाफ झिरपते, तिथे पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बॉयलर धुण्यासाठी ठेवलेल्या बुचांखाली, इंजेक्टरच्या (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या साधनाच्या) आसपास, सेफ्टी व्हॉल्व्हच्या पायाशी हे ओघळ बघायला मिळतात. ज्या भागातलं पाणी मऊ, तिथल्या इंजिनांवर ते नावालाच असतात. तेव्हा तुमचं इंजिन कुठे धावत होतं, याचाही विचार करा.

डिझेल इंजिनाचा धूर छपरावरच्या एक्झॉस्टमधून निघतो आणि त्याच्या मागेपुढे काळपट पट्टा उमटतो. दोन्ही दिशांना धावणाऱ्या इंजिनावर तो दोन्हीकडे पसरतो. इंधन भरायच्या तोंडाखाली सांडलेल्या डिझेलचा गडद, ओलसर चमकेचा ओघळ असतो आणि त्यावर धूळ धरते. रेडिएटरच्या जाळीत धूळ अडकते. विजेच्या इंजिनाच्या छपरावर पँटोग्राफची (तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याची) पट्टी आणि वरची तार यांच्या घासणीतून कार्बनची आणि तांब्याची बारीक पूड पडत राहते, म्हणून ते छप्पर काळपट-तपकिरी होतं. काचेवर वायपरनं पुसलेली पंख्याच्या आकाराची जागा स्वच्छ आणि कडेचे कोपरे धुरकट, ही खूण सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत बोलकी.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: धुलाई. धुण्याच्या यंत्राचे उभे ब्रश सपाट बाजू पुसतात. दारांच्या खाचा, हँडरेलच्या मागची जागा, जाळ्यांच्या कडा आणि छप्पर यांच्यापर्यंत ते नीट पोचत नाहीत. म्हणून आधुनिक इंजिनाच्या बाजू बऱ्यापैकी स्वच्छ आणि खाचा मळक्या, असं चित्र असतं. वाफेच्या काळात कर्मचारी कधी कधी नंबर वाचता यावा म्हणून तेवढाच भाग कापडानं पुसून ठेवत. मळक्या टेंडरवर (इंजिनामागच्या, कोळसा आणि पाणी नेणाऱ्या डब्यावर) तो स्वच्छ चौकोन दाखवला की इंजिनाच्या आसपास माणसं वावरत असल्याचं जाणवतं.

प्रमाणाचं भान

एचओ स्केल, म्हणजे मॉडेल रेल्वेतलं एक प्रचलित माप, 1:87 चं आहे. म्हणजे मॉडेलवरचा 1 मिलिमीटरचा ठिपका खऱ्या इंजिनावर जवळजवळ 9 सेंटिमीटरचा. एन स्केल 1:160 चं, तिथे तोच ठिपका 16 सेंटिमीटरचा होतो. रंगाचा टवका उडालेला दाखवताना हे गणित मनात राहू द्या. तळहाताएवढे टवके कामावरच्या इंजिनावर क्वचितच असतात. त्याच कारणानं शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा रंग टाळा. दुरून बघताना हवेमुळे रंग फिके दिसतात, आणि मॉडेल आपण नेहमी दुरूनच बघत असतो. काळ्यात थोडा करडा आणि थोडा तपकिरी मिसळला की तो लोखंडाचा काळा होतो.

सुरुवात कशावर करावी

आवडत्या, महागड्या इंजिनावर नको. एखादा जुना मालडबा घ्या, किंवा मोटार बंद पडलेल्या इंजिनाचं नुसतं कवच. मालडब्याला मोटार नाही, चाकं जोडणाऱ्या दांड्या नाहीत, आणि तो जास्त मळला तरी शोभतो. दोन-तीन डबे झाले की इंजिनाकडे वळा. वेदरिंग केलेलं मॉडेल दुकानं सहसा परत घेत नाहीत आणि विकताना त्याची किंमत प्रत्येक जण वेगळी करतो, हेही आधीच मनाशी पक्कं केलेलं बरं.

साहित्य थोडकं लागतं. मॅट इनॅमल रंग काळा, गडद तपकिरी आणि मातकट. ते पातळ करायला आणि पुसायला व्हाइट स्पिरिट. बर्न्ट अंबर, रॉ अंबर, काळा आणि पांढरा या ऑइल कलरच्या छोट्या ट्यूब. वेदरिंग पावडर, किंवा सॉफ्ट पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून केलेली पूड. ऑइल पेस्टल चालत नाहीत, ते मेणचट असतात आणि त्यांची पूड होत नाही. मॅट व्हार्निश. दोन-तीन मऊ चपटे ब्रश, एक बारीक ब्रश आणि एक झिजलेला, कडक केसांचा जुना ब्रश. इअरबड, मेकअपचा स्पंज, मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ शिसपेन्सिल. पावडरीसाठी तोंडाला मास्क. स्पिरिट आणि अल्कोहोल दोन्ही पेट घेणारी आहेत, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि आसपास ज्योत नको.

पायरी 1: चालवा, मग उघडा

आधी इंजिन दोन्ही दिशांना पंधरा-वीस मिनिटं चालवून पाहा. काही बिघाड असेल तर तो मळवण्याआधी कळलेला बरा. मग कवच चौकटीपासून सोडवा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढत चला, म्हणजे जोडताना कोडं पडत नाही. काचा सहज निघत असतील तर काढा, नसतील तर मास्किंग टेपनं झाका. दिवे, कपलिंग आणि नंबर प्लेटही झाका. नुसतं कवच कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशनं धुवा आणि रात्रभर वाळू द्या. बोटांचा तेलकटपणा राहिला की पुढे तिथे रंग धरत नाही, म्हणून यानंतर कवच हाताळताना पातळ हातमोजे घाला.

जे द्रावण वापरणार आहात, ते आधी आतल्या बाजूला किंवा तळाशी लावून पाहा. आयसोप्रोपिल अल्कोहोल काही मॉडेलांचा कारखान्यातला रंग आणि छापील नंबरही उचलून आणतं. व्हाइट स्पिरिट त्या मानानं सौम्य, पण तेही प्लॅस्टिकवर साचून राहू देऊ नका.

पायरी 2: वॉश

वॉश म्हणजे अतिशय पातळ रंग, जो अंगभर लावून पुन्हा पुसून घ्यायचा. खाचांमध्ये तो राहतो, वरून निघून जातो. गडद तपकिरीत थोडा काळा मिसळा आणि एका भागाला दहा भाग व्हाइट स्पिरिट घाला. कागदावर एक थेंब टाकला की कडक चहासारखा दिसायला हवा.

एका वेळी एकच बाजू घ्या. कवच आडवं धरा, चपट्या ब्रशनं वरून खाली वॉश लावा आणि थांबा. आता जवळून बघा. दाराच्या फटीत रंग आपणहून धावतो, रिव्हेटभोवती बारीक कडं धरतो, जाळीच्या प्रत्येक पट्टीमागे जाऊन बसतो. एवढा वेळ नुसत्या प्लॅस्टिकच्या उंचवट्यासारखं दिसणारं दार एकदम खरोखर उघडेल असं वाटायला लागतं. सगळ्या वेदरिंगमधला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच.

दहा-पंधरा मिनिटांनी, रंग निस्तेज पडला पण पक्का झाला नाही अशा वेळी, स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घेतलेल्या इअरबडनं पुसायला लागा. इअरबड ओलसर हवा, टपकता नको. आणि ओढायचं ते वरून खाली. ज्या दिशेनं पाऊस वाहतो, त्याच दिशेनं. आडवं पुसलं की आडव्या रेघा उमटतात आणि त्या लपवता येत नाहीत. छपरावर मात्र मधल्या रेषेपासून दोन्ही कडांकडे पुसा. इअरबड काळा झाला की बदला, त्यात काटकसर करू नका. किती पुसायचं हे फोटो सांगेल. नव्यानं रंगवलेलं इंजिन दाखवायचं असेल तर फक्त खाचांत रंग ठेवा. वर्षभर न धुतलेलं असेल तर बाजूंवरही पातळ पापुद्रा राहू द्या.

आता कवच एक दिवस झाकून ठेवा. ओल्या इनॅमलवर धूळ पटकन बसते, आणि ती धूळ 1:87 ची नसते.

पायरी 3: ओघळ

ओघळांना ऑइल कलरसारखा रंग नाही. तो सावकाश सुकतो, म्हणून चूक झाली तर तासाभरानंतरही पुसता येते. ट्यूबमधला वाटाणाभर रंग पुठ्ठ्यावर पिळून थोडा वेळ ठेवा. पुठ्ठा त्यातलं जादा तेल पिऊन घेतो आणि रंग मॅट सुकतो.

बारीक ब्रशच्या टोकावर अगदी थोडा रंग घ्या आणि जिथून ओघळ सुरू होतो तिथे एक ठिपका ठेवा: हँडरेल जिथे पत्र्यात शिरते ती जागा, जाळीचा खालचा कोपरा, छपराची कड. मग स्पिरिटनं जेमतेम ओलावलेला स्वच्छ चपटा ब्रश त्या ठिपक्यावरून एकदा सरळ खाली ओढा. ठिपका पसरून रेघ होते, वर गडद आणि खाली नाहीशी होणारी. रेघ जाड वाटली तर दोन्ही बाजूंनी ब्रश ओढून ती बारीक करा. सगळे ओघळ एका लांबीचे करू नका, आणि प्रत्येक रिव्हेटला एक ओघळ तर मुळीच नको.

टेंडर हातात असेल तर पाणी भरायच्या तोंडापासून सुरुवात करा, तिथे शिकायला खूप आहे. पाणी भरताना टाकी तुडुंब झाली की ते बाहेर उसळतं आणि बाजूवरून खाली वाहतं. जाताना कोळशाची भुकटी धुऊन नेतं. त्यामुळे तोंडाखाली आधी एक स्वच्छ, मूळ रंगाचा पट्टा दिसतो, त्याच्या दोन्ही कडांना ढकलली गेलेली काळी भुकटी आणि वाळल्यावर राहिलेली क्षारांची पांढुरकी किनार. म्हणजे इथला ओघळ रंग लावून होत नाही. आधी सगळी बाजू मळवायची, मग ओल्या ब्रशनं मळ काढत खाली यायचं आणि शेवटी कडेला पांढऱ्यात थोडा करडा मिसळून एक-दोन पुसट रेघा द्यायच्या. ही एक जागा नीट जमली की बाकीच्या टेंडरवर फार काही करावं लागत नाही.

ऑइल कलर सुकायला तीन-चार दिवस द्या. दाट लावला असेल तर आणखी.

पायरी 4: मॅट व्हार्निश

केलेलं काम बांधून ठेवायला आणि प्लॅस्टिकची चकाकी मारायला मॅट व्हार्निशचा हात. पावडरीलाही असाच खरबरीत पृष्ठभाग लागतो. स्प्रे असेल तर डबा दोनेक मिनिटं भरपूर हलवा, 20 ते 25 सेंटिमीटर अंतर ठेवा, कवचाच्या बाहेर फवारा सुरू करा आणि पलीकडे नेऊन थांबवा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ द्या.

हवा दमट असेल तर त्या दिवशी व्हार्निश करू नका. एका पावसाळी संध्याकाळी मी घाई केली. सकाळी हिरव्या इंजिनावर दुधी पापुद्रा चढलेला होता. व्हार्निश सुकताना हवेतली ओल त्यात अडकते आणि थर पांढुरका पडतो. कोरड्या दिवशी पुन्हा एक हात दिल्यावर त्यातला बराचसा निघाला, पण दरवाजांच्या खाचांमध्ये तो आजही दिसतो.

तेलाच्या आणि डिझेलच्या जागा नंतर सॅटिन किंवा ग्लॉस व्हार्निशच्या छोट्या ठिपक्यानं पुन्हा ओलसर करायच्या. आजूबाजूला सगळं मॅट असलं, तरच ती ओल उठून दिसते.

पायरी 5: चाकं, चौकट आणि दांड्या

इतर काहीच करायला वेळ नसेल तर निदान एवढं करा. चकचकीत काळी किंवा रुपेरी चाकं मॉडेलचं खेळणेपण सगळ्यांत आधी उघडं करतात, आणि ती मळवली की कवचाला हात न लावताही इंजिन वजनदार दिसायला लागतं.

इंजिन फोमच्या खाचेत उलटं ठेवा. चाकं स्थिर असताना रंगवली तर ब्रेक आणि दांड्यांच्या आडोशाला कोऱ्या जागा राहतात आणि चालू झाल्यावर त्या फिरताना दिसतात. म्हणून तुमच्याच कंट्रोलरमधून दोन तारांनी चाकांना वीज देऊन ती अगदी मंद फिरवत ठेवा आणि चाकाच्या चेहऱ्यावर पातळ, मॅट, काळपट-तपकिरी रंगाचा ब्रश हलका टेकवा. स्पिरिट जवळ आहे, तेव्हा तारांची टोकं आधी घट्ट बसवा, ठिणगी उडू देऊ नका. ब्रशवर रंग थोडाच हवा. तो चाकाच्या आसाकडे पळाला नाही पाहिजे.

चाकाची रुळाला टेकणारी कडा, मागच्या बाजूला वीज घेणाऱ्या पत्त्या, गिअर आणि रबरी टायर यांना रंग लागू द्यायचा नाही. रबरी टायर स्पिरिटनं फुगतो आणि मग बसत नाही. रंग सुकला की टिश्यू पेपरवर अल्कोहोलचे थेंब टाकून तो रुळावर अंथरा, चाकांची एक जोडी त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन फिरवा. कागदावर काळ्या रेघा उमटायच्या थांबल्या, म्हणजे चाकं स्वच्छ झाली. काही जण गंजासाठी खरा लोखंडाचा कीस वापरतात. चौकटीत मोटार आहे आणि मोटारीत चुंबक आहे, त्यामुळे हा प्रयोग इंजिनावर नको.

वाफेच्या इंजिनाच्या दांड्या हा वेगळाच मामला. त्या गंजत नाहीत, कारण त्यांना सतत तेल घातलं जातं. सांध्यांभोवती काळं, जाड, ओलं किटण असतं आणि मधला भाग तेलकट करडा. गडद तपकिरी वॉश लावून लगेच पुसा, सांध्यांशी राहू द्या, आणि पूर्ण सुकल्यावर सांध्यांवर ग्लॉस व्हार्निशमध्ये कणभर काळा मिसळून टिंब द्या. मग दांडीच्या कडेवरून मऊ शिसपेन्सिल हलकी फिरवा. ग्रॅफाइटची ती मंद चमक चंदेरी रंगाला येत नाही. पायऱ्यांच्या कडा आणि हँडरेल, जिथे माणसांचे हातपाय रोज लागतात, तिथेही हीच पेन्सिल चालवा.

पायरी 6: ड्रायब्रश

झिजलेल्या ब्रशवर फिकट मातकट रंग घ्या, तो कागदावर इतका पुसा की जवळजवळ काही उरत नाही, आणि मग उंचवट्यांवरून ब्रश झटका. स्प्रिंगा, बोगीचे बोल्ट, पायऱ्या एकदम उठून येतात. हे फक्त कंबरेखालच्या भागावर आणि हलक्या हातानं. कवचाच्या प्रत्येक कडेवर केलं तर इंजिन खडूनं आखल्यासारखं दिसतं.

पायरी 7: पावडर

पावडर शेवटी. मऊ ब्रशवर चिमूटभर घ्या, टिचकी मारून जादा झटका आणि पृष्ठभागावर जिरवल्यासारखी गोल फिरवत लावा. एक्झॉस्टभोवती काळी, छपरावर काळी-तपकिरी मिसळून, बोगीवर तपकिरी आणि खडीच्या रंगाची मिसळून, स्मोकबॉक्सवर गडद करडी. एकाच डबीतली एकच छटा सगळीकडे लावली की ती पावडर लावल्यासारखीच दिसते. दोन-तीन छटा एकमेकींत मिसळल्या तर धूळ वाटते.

काजळीला दिशा असते. धुराड्यापासून किंवा एक्झॉस्टपासून सुरू करून ब्रश छपराच्या लांबीत ओढा, आडवा नाही. फुंकर मारून जादा उडवू नका, ओलसर श्वासानं डाग पडतात. मॉडेल उलटं करून टिचकी मारा. जास्त झाली तर मेकअपच्या स्पंजानं टिपून घ्या.

पावडरीवर व्हार्निश मारावं का, हा प्रश्न सगळेच विचारतात. व्हार्निशखाली पावडर काळवंडते आणि फिकी छटा तर दिसेनाशीच होते. मी छपरावर आणि बोगीवर व्हार्निश मारत नाही, कारण तिथे हात लागत नाही. ज्या बाजूंना धरून इंजिन उचलायचं, तिथे पावडर वापरतच नाही. तुम्हाला मारायचंच असेल तर पावडर हवी त्यापेक्षा थोडी जास्त लावा आणि व्हार्निश दुरून, धुक्यासारखं येऊ द्या.

एअरब्रश असेल तर

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं साधन, नसला तरी अडत नाही. असेल तर तो दोनच कामांना काढा: खालून वर विरत जाणारी ब्रेकची धूळ आणि छपरावरचा धूर. रंग दुधासारखा पातळ, हवेचा दाब 15 ते 20 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), अंतर 15 सेंटिमीटरच्या आसपास. धूळ रुळाच्या बाजूनं उडते म्हणून फवाराही खालून तिरका द्या. रंग चढल्याचं डोळ्यांना जेमतेम जाणवेल तिथे थांबा. सुकल्यावर तो अंदाजापेक्षा जास्तच निघतो.

पायरी 8: जोडणी आणि चाचणी

टेप सावकाश, पृष्ठभागाला लागून मागे दुमडत काढा. काचा बसवताना सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेनं काच पांढरी पडते. त्याऐवजी सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद घ्या. वायपरचा पंखा करायचा असेल तर काच बसवण्याआधी टेपमधून तो आकार कापून काचेवर चिकटवा, भोवती मातकट पावडर स्पंजानं टेकवा आणि टेप उचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवसाच्या उजेडात, फोटो शेजारी ठेवून इंजिन पुन्हा बघा. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी रंग नेहमी कमी वाटतो आणि हात जास्त चालतो. एखाद्या डागाचं कारण सांगता येत नसेल तर स्पिरिटच्या इअरबडनं तो काढा. व्हार्निशच्या वर असेल तर अजूनही निघतो. काही कमी वाटलं तर आठवडाभर तसंच ठेवा आणि मग ठरवा.

मग इंजिन एकटंच रुळावर ठेवा, दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं चालवा, उलटं करून चाकांच्या कडा अल्कोहोलनं पुन्हा पुसा आणि रूळही पुसून घ्या. पहिल्या फेऱ्यांत थोडी पावडर रुळावर पडतेच. डबे त्यानंतर जोडा.